भिंतीवरचं 'एकनिष्ठ राहा' आणि बीडची ऊसतोड

काहीजण म्हणतात की 'जोडीदाराशी एकनिष्ठ राहा' एवढं गावोगाव भिंतींवर रंगवलं की एचआयव्ही थांबेल. अर्धं बरोबर आहे. युगांडात १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'दाव्याला बांधलेल्या जनावरानं आपल्या घेरातच चरावं' अशा गावरान भाषेत प्रचार झाला, तो लोकांना पटला. पण तो रोख पुरुषांवर होता. आपल्याकडे उपदेश बाईलाच, हीच खरी गोम.

मराठवाड्यात अडचण वेगळी. गरोदरपणात तपासणी होते ती बाईची. तिचा रिपोर्ट आधी आला की 'हिनंच आणलं' म्हणून घरदार मोकळं. म्हणून तपासणी जोडीनं व्हावी. दसरा-दिवाळीला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी मुकादमाकडं, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडं, उचल (आगाऊ पैसे) घ्यायला कोयता, म्हणजे नवरा-बायको, एकत्रच असतो. प्रचार तिथं करा. सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात, तपासणी फुकट होते आणि निकाल गुप्त राहतो. मुकादमाला तो सांगायचा नाही, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तशी बंदीच आहे.

आणखी एक चूक नेहमीची: संबंधानंतर आठ दिवसांत तपासून 'निगेटिव्ह' आलं की निर्धास्त. इतक्या लवकर लागण दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. तोवर निरोध, आणि त्याला खोबरेल तेल लावू नका, रबर फाटतं.

ज्या जोडप्यात एकाला लागण आहे त्यांना 'एकनिष्ठ राहा' पुरेसं नाही. एचआयव्हीच्या गोळ्या रोज घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे भिंतीवर कुठंच दिसत नाही. शंका असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा.