सगळ्यांनी हात वर केला म्हणून आपणही करायचा का?

आडमुठा_३०२:
काल आमच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. कर्वेनगर, २४ फ्लॅट, लिफ्ट नाही. चेअरमन म्हणाले हाच बिल्डर फायनल ना, की पटापट हात वर. मी विचारलं, ऑफर लेटर पूर्ण किती जणांनी वाचलंय? शांतता. मग कोणीतरी म्हणालं चहा गार होतोय. अहो राहतं घर पाडायला देतोय आपण, कार्पेट एरिया किती वाढणार हे सगळ्यांना तोंडपाठ आणि बिल्डरने काम अर्धवट टाकलं तर सोसायटीला पैसे मिळवून देणाऱ्या बँक गॅरंटीचा त्या कागदात उल्लेखसुद्धा नाही, सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ७९अ च्या रिडेव्हलपमेंट गाईडलाइन्समध्ये प्रकल्पखर्चाच्या २० टक्के गॅरंटी सरळ लिहिलीय. एवढी शिकलेली माणसं, स्वतःचं डोकं चालवायला का कचरतात?

पौडफाटा:
आमच्याकडे पण होते असे एक स्वतंत्र विचारवंत. तीन वर्षं काम अडवलं, बिल्डर कंटाळून गेला, आता दुसरा कमी एरिया देतोय. साहेब स्वतः राहतात बाणेरला, इथला फ्लॅट दिलाय भाड्याने. चौथ्या मजल्यावरच्या आजी मात्र गुडघे धरत जिना चढतायत अजून. चेअरमन वर्षभर फुकट राबतो, कधीतरी त्याच्यावर विश्वास टाका की.

सदाशिव_पेठी:
पुण्यात आणि स्वतंत्र विचारांची टंचाई?? २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटची कारवाई सुरू झाली तेव्हा मोर्चे निघाले होते राव. मान दुखते, ऐकू येत नाही, गावात स्पीडच कुठे असतो, ज्याचं त्याचं संशोधन. डोकं चालवा म्हणताय, आधी शाबूत तरी राहू दे.

आडमुठा_३०२:
पेठी 😄 पण मी बिल्डर नको असं म्हटलेलंच नाही. कागद मागितला फक्त.

कोथरूडची_काकू:
याच पुण्याने आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली होती. १८८७ ला केसरी सोडला, १८८८ ला सुधारक काढला, टिळकांसारख्या मित्राशी फाटलं तरी मत बदललं नाही. तेव्हाही "सगळे"च म्हणत होते की हा माणूस चुकतोय.

पौडफाटा:
काकू, आगरकरांनी किंमत स्वतः मोजली. इथे विरोध एकाने करायचा आणि जिना आजींनी चढायचा.

फक्त_वाचतो:
मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशचा १९५१ चा प्रयोग आठवला. समान लांबीची रेघ ओळखायची, अगदी सोपं, पण आधीची सगळी मंडळी ठरवून चुकीचं उत्तर देतात आणि मग ज्याच्यावर खरा प्रयोग चाललाय तो माणूस पण बऱ्याचदा तेच म्हणतो. गंमत म्हणजे एकजण जरी बरोबर बोलला तरी त्याला धीर येतो आणि हे प्रमाण खूप घसरतं. ३०२, तुमच्या प्रश्नानंतर कोणी हात खाली घेतला का?

आडमुठा_३०२:
दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी, हळूच, पदर सारखा केल्यासारखं करून. आणि पौडफाटा, तुमचं आजींचं म्हणणं लागलं मला, आमच्याकडेही आहेत एक. मुदत घातलीय, पंधरा दिवसांत गॅरंटीचं लेखी आलं की पहिली सही माझी.

पौडफाटा:
हे मीटिंगमध्ये बोललात का पण?

आडमुठा_३०२:
नाही, तोवर चहा आला होता.