निवासी कुस्ती शिबिराला पोट्टा पाठवायचा आहे, सहा आठवड्यांत काय तयारी करून घ्यावी?

दारव्ह्याचा काका

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुक्यातलं गाव. पुतण्या १६ वर्षांचा, वजन ५२ किलो, दहावीचा शेवटचा पेपर नुकताच झाला. चार वर्षांपासून आखाड्यात मातीवर खेळतो. नागपंचमीच्या दंगलीत जोडीच्या पोट्ट्यांना भारी पडतो, पण मॅटवर पाय ठेवलेला नाही. मे महिन्यात एक महिन्याचं निवासी शिबिर आहे: सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं, मिळून रोज पाच तास. अभ्यासामुळे दोन महिने मेहनत बंद होती. आता हाती सहा आठवडे आहेत. घरी काय करून घ्यावं, सोबत काय द्यावं, आणि तिथं काय बिघडू शकतं? शिबिराआधी वजन ४८ वर आणा असंही एक जण म्हणतो. जाणकारांनी सांगावं.

लाल माती

काका, सहा आठवडे पुरतात, पण उद्यापासून लागा. शिबिरात डाव शिकवतात, अंग मात्र घरून घडवून न्यावं लागतं. पोरं शिबिर सोडून येतात ती बहुतेक पहिल्या दहा दिवसांत. डाव जमत नाही म्हणून नाही, मांड्या अशा भरून येतात की खाली बसता येत नाही, मान वळत नाही, आणि त्याच अंगानं संध्याकाळी लढती धराव्या लागतात.

मेहनत दोन महिने बंद होती, म्हणून जुन्या आकड्यावर एकदम जाऊ नका. पहिल्या आठवड्यात रोज १०० बैठका, २०-२० च्या पाच फेऱ्यांत. जोर ५०, १०-१० च्या पाच फेऱ्यांत. दर आठवड्याला पाचवा हिस्सा वाढवत न्या, सहाव्या आठवड्यात अडीचशे बैठका आणि सव्वाशे जोर होतात. तेवढं पुष्कळ आहे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि निघायच्या आधीचे चार दिवस सगळं निम्म्यावर.

पळण्यात लोक चुकतात. पाच-पाच किलोमीटर रमतगमत पळून मॅटची कुस्ती होत नाही, कारण तिथला सगळा जोर थोड्या मिनिटांत लागतो. पांदणीवर ३० सेकंद जीव तोडून पळायचं, ९० सेकंद चालायचं. असे सहा झपाटे, आठवड्यातून दोनदा. हळूहळू दहावर न्या.

मान ही माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. पहिले दोन आठवडे फक्त हातानं डोकं दाबून मानेनं विरोध करायचा: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी १० सेकंद, पाच वेळा. मग घडी केलेल्या घोंगडीवर पुढचा ब्रिज (डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान), हात टेकवून, २० सेकंद. मागचा ब्रिज चौथ्या आठवड्यापासून, आणि त्यात झुलायचं नाही. मान तयार नसताना झुलवली की मणक्याजवळची नस दबते, हाताला मुंग्या येतात, आणि मग महिनाच जातो.

पकडीसाठी कडुलिंबाच्या फांदीला जाड दोर बांधा. दोर नसेल तर ओला टॉवेल फांदीवर टाकून दोन्ही टोकं धरून ३० सेकंद लोंबकळायचं, चार वेळा.

आणि ऊन. सुरुवातीला सकाळी सातच्या आत सगळं आटपा. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र एक हलकं सत्र संध्याकाळी पाचला ठेवा. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. ती सवय घरी झाली तर शिबिराचा पहिला पंधरवडा वाया जात नाही.

मॅटवरचा पंच

वरचं सगळं बरोबर. मी मातीतून मॅटवर येताना काय अडतं ते सांगतो.

१७ वर्षांखालच्या गटात कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. फ्रीस्टाईलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते, खांदे टेको वा न टेको. मातीवर जोडी जोखायला जो वेळ घेतात, तो इथं नाही.

लढतीचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं, आणि त्याच्या आतल्या कडेला १ मीटरचा नारंगी पट्टा. पाय वर्तुळाबाहेर पडला की समोरच्याला १ गुण. मातीतल्या पोरांना मागे सरकत अंदाज घ्यायची सवय असते, त्यांचे गुण असेच फुकट जातात. घरीच चुन्यानं ९ मीटरचं वर्तुळ आखा आणि त्यातच खडाखडी करायला लावा.

दुसरं, लंगोट-जांघियाची पकड विसरायची. मॅटवर कॉस्च्युम धरता येत नाही. मनगट, कोपर, मान आणि पाय यांवरच खेळ. उभं राहणंही खाली हवं: गुडघे वाकलेले, कंबर मागे, डोकं वर. मातीवरचा ताठ पवित्रा घेऊन गेला तर दुहेरी पटावर (दोन्ही पाय धरून पाडायचा डाव) पहिल्याच मिनिटात जाईल.

तिसरी गोष्ट सगळ्यात महाग पडते. मातीत खाली गेल्यावर पोटावर पडून राहिलं की बराच वेळ निभतं. मॅटवर खाली नेल्याचे २ गुण जातात, आणि लगेच कंबरेला कव घालून भारंदाज मारला की प्रत्येक पलटीला आणखी २. एक पकड आणि चार पलट्या म्हणजे १० गुण, अर्ध्या मिनिटात कुस्ती खलास. म्हणून रोज दहा मिनिटं खालचा बचाव: कोपरं बरगड्यांना चिकटलेली, कंबर जड करून खाली, ज्या बाजूला फिरवतो त्या बाजूचा हात-पाय बाहेर रोवलेला, आणि कव आवळण्याआधीच मनगट सोडवायचं. कव आवळल्यावर सोडवू म्हटलं तर उशीर झालेला असतो.

मातीवर गुडघा टेकला तर माती सरते, पाय वळला तरी माती जागा देते. मॅटवर बूट चिकटतो आणि वळण गुडघ्यावर येतं. पायात अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असेच बूट घ्या, पण टाच हलता कामा नये. नवे बूट निघायच्या दोन आठवडे आधी घालायला लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी फोड. ते बूट बाहेर, संडासात, अंगणात वापरायचे नाहीत. लाल आणि निळा असे दोन कॉस्च्युम, गुडघ्याचे पॅड, आणि सरावाच्या कपड्यांचे किमान चार जोड द्या.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: एका वस्तादाकडे किती पोरं, मॅट दिवसातून किती वेळा जंतुनाशकानं पुसतात, आणि शिकवणाऱ्यानं पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोर्स केला आहे का. चाळीस पोरांमागे एक माणूस असेल तर तिथं फक्त मेहनत होईल, चुका कोणी दुरुस्त करणार नाही.

आरोग्यसेवक, घाटंजी

विदर्भातलं लेकरू आहे म्हणून पहिलं काम: सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. आपल्या भागात हे प्रमाण जास्त आहे, आणि वाहक असलेल्या पोराला एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून घरच्यांना ठाऊकही नसतं. ग्रामीण रुग्णालयात आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली तर दुसरी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, तो वाहक आहे की रुग्ण ते सांगते. रुग्ण असेल तर असं शिबिर नको. वाहक असेल तर कुस्ती सोडायचं कारण नाही, पण वस्तादांना लेखी कळवा. मेहनत हळूहळू वाढवायची, झपाट्यांमध्ये जास्त विश्रांती, पाणी भरपूर. धोक्याची खूण अशी: जोराच्या मेहनतीत पोरगा एकदम गळतो, पाय दुखतात, पण गोळा आल्यासारखे कडक लागत नाहीत, मऊच असतात. तिथं "हिंमत धर" म्हणून उठवायचं नाही. सावली, पाणी, आणि थेट दवाखाना.

सिकलसेल नसलेल्यालाही एक धोका असतोच. सवय नसताना एका दिवशी पाचशे-हजार बैठका मारल्या तर स्नायू फुटून त्यातला भाग रक्तात उतरतो आणि किडनीवर येतो. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, मांड्या सुजल्या, की त्याच दिवशी दवाखाना. अशा वेळी दुखण्याची गोळी तर अजिबात घेऊ नका, किडनीवरचा भार आणखी वाढतो.

गजकर्णाचं सांगतो, कारण शिबिरात ते एकाकडून दहाजणांना लागतं. मेडिकलवाला जी मिश्र मलमं देतो त्यांत बरेचदा क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन हे स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लालपणा जातो, आणि आत बुरशी पसरत राहते. ट्यूबवरचं नाव वाचा, स्टेरॉईड असेल तर परत करा. डॉक्टरांनी सांगितलेलं साधं बुरशीचं औषध सुरू करून किमान तीन दिवस तरी अंगाला अंग लावायचं नाही. सराव संपला की अर्ध्या तासात साबणानं अंघोळ, टॉवेल कोणाचा घ्यायचा नाही, ओले कपडे पिशवीत कोंबायचे नाहीत. चेहऱ्यावर किंवा मानेवर पाण्याच्या बारीक फोडांचा घोळका आणि ताप आला तर ते गजकर्ण नाही, नागीण जातीतलं आहे. ताबडतोब डॉक्टर.

कान सुजून पाण्याच्या पिशवीसारखा मऊ लागला तर दोन-तीन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून रक्त काढून दाबपट्टी बांधून घ्या. उशीर झाला की कान कायमचा गड्डा होतो. खोलीतल्या पोरांनी सुई घालायची नाही, पू होतो.

"दम वाढवायचं" म्हणून कोणी मेफेंटरमिनचं इंजेक्शन देऊ केलं तर त्या पोरापासून पुतण्याला लांब ठेवा. ते रक्तदाब वाढवायचं औषध आहे, जीवही जातो, आणि स्पर्धेच्या बंदी यादीत आहे.

दारव्ह्याचा काका

सगळ्यांचे मनापासून आभार. सिकलसेलचं डोक्यातच नव्हतं, सोमवारी ग्रामीण रुग्णालयात नेतो. वजनाचं आणि खाण्याचं राहिलं. परत आल्यावर गावात मॅट नाही, सराव कसा टिकवायचा तेही सांगा.

लाल माती

४८ चा नाद सोडा. ५२ वरून ४८ म्हणजे साडेसात टक्क्यांवर उतार, तोही वाढत्या वयात आणि पाच तासांच्या मेहनतीत. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त, म्हणजे या पोराला पाऊण किलोहून जास्त, उतरवूच नये. १९९७ मध्ये अमेरिकेत वजन झटपट उतरवताना तीन कॉलेजचे पैलवान काही आठवड्यांच्या अंतरानं दगावले, त्यानंतर तिथले नियम बदलले. प्लास्टिक घालून पळवणं, पाणी तोडणं, हे सगळं त्यातलंच. या वर्षी ५५ किलोच्या गटातच खेळू द्या.

खाणं घरचंच पुरतं. ५० किलोच्या पोराला रोज ८० ते १०० ग्रॅम प्रथिनं लागतात. एक लिटर दुधात ३५ च्या आसपास, तीन अंड्यांत १८, अर्धी वाटी भिजवलेल्या हरभऱ्यात १०, मूठभर शेंगदाण्यांत १०, वाटीभर तुरीच्या वरणात सहा-सात, आणि ज्वारीच्या भाकरी वेगळ्या. प्रोटीन पावडरचा डबा घ्यायची गरजच नाही. अंडी खात नसेल तर ३५-४० ग्रॅम सोयावडी. सत्राआधी आणि नंतर वजन करायला सांगा. जेवढं घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत, त्यातलं एक लिटर ओआरएस घातलेलं. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एकच लिटर, अर्ध्या तांब्यात घोळून प्यायचं नाही.

मॅटवरचा पंच

गावातला सराव: आखाड्याशेजारी ५ बाय ५ मीटरची जागा सपाट करा. काळी माती असेल तर आधी मुरूम टाकून धुम्मस करा, नाहीतर उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात रबडी. कडेनं मातीनं भरलेली पोती लावा, विटा-लाकूड नको. आत आरागिरणीतला लाकडाचा भुसा पाच-सहा इंच, हलकं पाणी शिंपडून पायानं दाबलेला. खिळे-ढलप्या निघाव्यात म्हणून आधी चाळून घ्या. कुटार वापरू नका, टोचतं आणि उंदीर येतात. वर जाड ताडपत्री, चारी बाजूंनी पोत्यांखाली ताणून. सैल राहिली तर बोटं अडकून घोटा मुरगळतो, आणि भुसा मधून सरकून खड्डा पडतो, म्हणून दर आठवड्याला ताडपत्री उचलून भुसा सारखा करायचा. यावर पट, खालचा बचाव, ब्रिज, सगळं होतं. उचलून फेकायचे डाव मात्र यावर नकोत, त्यांना खरी मॅटच लागते.