मदत हवी आहे: पुष्पक विमानाच्या नाकाचा पत्रा हाताने कसा घडवायचा?

नमस्कार मंडळी. नागपुरात आम्ही काही मित्र मिळून एचएएलचं जुनं पुष्पक उभं करतोय. १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं हे दोन माणसांचं, कापडी अंगाचं विमान. एकेकाळी फ्लाइंग क्लबांतले शिकाऊ वैमानिक याच्यावर हात बसवायचे. आमचं उडणार नाही, नुसतं प्रदर्शनात राहील. नळ्यांचा सांगाडा झाला, कापडाचंही जमेल. घोडं अडलंय ते इंजिनाच्या झाकणापाशी.

पंख्यामागच्या नाकाचा डावा अर्धा, चेपलेला का होईना, मिळाला, उजवा गायब. डाव्याचे कागदी नमुने उलटे करून सागवानाचा साचा केलाय (सागवान तेवढं आपल्याकडे मागू तसं मिळतं!). बाजूचे पत्रे एकाच दिशेने वळतात, ते पाइपावर दाबून झाले. नाक मात्र दोन्ही दिशांनी फुगतं, शिवाय हवा घेणाऱ्या भोकाची कड आत वळते. लोहाओळीतून १.२ मिमीचा ३००३ एच१४ (अर्धकडक अ‍ॅल्युमिनियमचा) पत्रा आणला. वाळूच्या पिशवीवर मोगरीने ठोकला की मधे फुगतो, पण बाहेरच्या कडेला चुण्या पडतात, आणि भोकाची कड वळवताना पत्रा चिरतो.

हा पत्रा मधेमधे मऊ कसा करायचा? नाक अखंड काढावं की तुकडे जोडावेत? ओळखीचे एक जण म्हणतात, २०२४ नंबरच्या मिश्रधातूचा पत्रा घ्या, खऱ्या विमानाचा तोच. खरं का?

जुना डेंटर:
भाऊ, २०२४ विसरा. तो गॅसने जोडायच्या लायकीचा नाही. घडवायचा तर ४९५ अंशांच्या आसपास भट्टीत तापवून पाण्यात बुडवायचा आणि परत कडक व्हायच्या आत काम उरकायचं. कारखान्यांत असे भाग फ्रीजरमध्येसुद्धा ठेवतात, म्हणजे कडक होणं लांबतं. प्रदर्शनातल्या विमानाला एवढा खटाटोप कशाला? ३००३ ठोकून कडक होतो, तापवून मऊ होतो, विषय संपला.

नुसतं अ‍ॅसिटिलीन पेटवून पत्र्यावर काजळी धरवा. मग ऑक्सिजन सोडून सौम्य ज्योत फिरवा. काजळी उडाली की तिथून पुढे सरका. रेंगाळलात तर भोक पडलंच, कारण अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. पाण्यात बुडवायची गरज नाही. आणि हे शेडमध्ये करा, आपल्या उन्हात ज्योत धड दिसत नाही.

चुण्या आणि चीर ही दोन वेगळी दुखणी आहेत. बाहेरची कड आखडायला हवी: चुणी मुद्दाम पाडायची आणि लाकडी मोगरीने खुंटावर (पत्र्याखाली धरायच्या टेकूवर) जागच्या जागी जिरवायची. लोखंडी हातोडा तिथे नको, तो पत्रा पसरवतो. भोकाची कड उलट ताणली जाते. कापलेल्या कडेवरच्या बारीक खाचेतून चीर सुरू होते, म्हणून आधी कानस आणि पॉलिश पेपरने ती गुळगुळीत करा. भोक लहान कापा, थोडं वळवा, मऊ करा, मग पुढे.

गॅसवाला:
तुकडेच करा, सांधा जिथे वळण कमी तिथे. त्याच पत्र्याची पट्टी कापून सांध्यात वितळवायची भरणी म्हणून वापरा. गॅसचा सांधा मऊ राहतो, मागाहून मठारून (हलके ठोकून) सपाट होतो. टिगने, म्हणजे विजेच्या वेल्डिंगने, ४०४३ नंबरच्या तारेची भरणी घातलीत तर ती ठोकताना तडकू शकते. फ्लक्स (जोडताना लावायचं रसायन) मात्र गरम पाण्याने घासून काढा, राहिला तर पत्रा खाईल.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. कानशीचं लगेच करून बघतो. फ्लक्सच्या पिवळ्या झगमगाटात वितळता पत्रा दिसत नाही म्हणतात. तुम्ही चष्मा कुठला वापरता? आणि भंडाऱ्याच्या पितळ मठारणाऱ्या कारागिरांकडून कोणी अ‍ॅल्युमिनियमचं काम करून घेतलंय का?