हळदीकुंकवाच्या वाणासाठी कोरियन नोरिगे: दोरी कुठली, गाठ कुठली?

उंबरठा, पाचपाखाडी
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला २५ नोरिगे, म्हणजे कोरियन पोशाखाला लावतात ती लटकनं, लुटायची आहेत. साडीच्या किंवा कुर्त्याच्या कमरेला लावता येतील असे: वर आकडा, मध्ये गाठ, खाली गोंडा. बाजारात 'कोरियन टॅसल' म्हणून जे मिळतं त्यात गोंडा ओढला की टोपीतून निसटून हातात येतो, आणि गाठ मागून गोंदाने चिकटवलेली असते. म्हणून घरीच करायचे आहेत. सॅटिनची दोरी चालेल का? नवशिक्याने कुठली गाठ धरावी? आणि सामान किती लागेल?

गोफवाली
गुळगुळीत सॅटिन घेऊ नका. पॉलिस्टरची असेल तर गाठ संध्याकाळपर्यंत ढिली पडते, रेयॉनची असेल तर ओल लागली की रंग सोडते. ओळखायचं कसं? दोन सेंमी तुकडा जाळा. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, कागदासारखा जळून राख झाली तर रेयॉन, केस जळल्याचा वास आला तर खरं रेशीम. तिकडे मूळ नोरिगेला रेशमाचा गोल, घट्ट विणलेला गोफच वापरतात. आपल्याला २ मिमीची गोफाच्या विणीची दोरी पुरते. दुकानातच चिमटीत दाबून बघा. चपटी होत असेल तर ठेवून द्या. तिच्या गाठीच्या पाकळ्या उभ्या राहत नाहीत, कोसळतात.

गाठीचं म्हणाल तर शेवंती म्हणजे 'गुखवा' लगेच धरू नका. फोटोत सगळ्यात देखणी तीच, पण २५ वेळा सारखी येणं अवघड. 'योनबोंग' घ्या, कमळाची कळी. हानबोकला, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाखाला, गुंडी म्हणून हीच लावतात, आपल्या अंगरख्याच्या कापडी गुंडीची सख्खी बहीण. तिच्या वर एक आणि खाली एक 'दोरे' गाठ. (नाव ऐकून आपला दोरा वाटतो, संबंध काही नाही.) दोरेचं काम एवढंच की दोन पदर एकत्र धरायचे आणि मधली गाठ सरकू द्यायची नाही. डाव्या पदराची सैल गाठ उजव्याभोवती मारा. मग उजव्या पदराची गाठ डाव्याभोवती अशी मारा की तिचं टोक पहिल्या गाठीच्या वळशातून जाऊन स्वतःच्याही वळशातून बाहेर येईल. दोन्ही सारख्या ओढा.

दाभण
बहुतेकांचं बिघडतं ते बांधताना नाही, ओढताना. दोन्ही टोकं धरून जोरात खेचली की कळी वाकडी होते आणि सरळ होत नाही. आधी गाठ सैल, दोन-तीन बोटं मोठी ठेवा. मग दाभणाच्या बोथट बाजूने दोरीच्या वाटेवर एकेक वळसा उचलत ढील पुढे पुढे सरकवत टोकापर्यंत न्यायची. हे किमान तीन फेऱ्यांत करायचं, एका फेरीत नाही. बांधायला पाच मिनिटं लागली तर बसवायला पंधरा लागतात, ते धरूनच चाला. शेवटी नग उलटा करून बघा: मेदुप, म्हणजे कोरियन पद्धतीची गाठ, पुढून-मागून आणि डावी-उजवीकडे सारखी दिसली पाहिजे. बाजारातल्या मालाची पाठ म्हणूनच झाकलेली असते. कोरियात मेदुपजांग, म्हणजे गाठी बांधणारे कारागीर, यांची कला १९६८ पासून राष्ट्रीय अमूर्त वारसा आहे, आणि तिथे गोंद लावून वेळ मारून नेत नाहीत.

उंबरठा, पाचपाखाडी
आणि गोंडा? तो सुटू नये यासाठी काय?

गोफवाली
टोपी लावूच नका. १० सेंमी उंचीच्या पुठ्ठ्यावर रेशमी भरतकामाचा धागा ६० वेढे गुंडाळा. वरच्या बाजूला त्याच रंगाच्या दुहेरी धाग्याने आवळून त्यातून मुख्य दोरी ओवा, खाली कापा. मानेला १५ घट्ट वेढे द्या आणि टोक सुईने वेढ्यांच्या आतून खाली उतरवा. गोंद नसल्यामुळे पुढे कधी गोंडा विटला तर तेवढाच उसवून नवा बांधता येतो. गाठ आणि आकडा तसेच राहतात.

हिशेब: गोंड्याच्या ६० वेढ्यांना १२ मीटर धागा, म्हणजे २५ ना ३०० मीटर; आवळायचा आणि मानेचा वेगळा. दोरी नगाला १ मीटर, मधोमध दुमडून. सरावाची आणि वाया जाणारी धरून ३० मीटर. सगळी एकाच रिळाची घ्या, दुसऱ्या रिळाचा रंग हटकून वेगळा निघतो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात एवढी एकसारखी मिळाली नाही तर सरळ मुंबईचं मशीद बंदर.

दाभण
गोंड्याचे धागे विस्कटलेले असतील तर किटलीच्या वाफेवर अर्धा मिनिट धरा, बोटांनी खाली ओढा, कागदाची नळी गुंडाळून रात्रभर टांगून ठेवा. मग नळी तशीच ठेवून तिच्या काठाला लागून कात्री चालवा. कागद नसला की गोंडा तिरका कापला जातोच. ओला असताना कापू नका, वाळला की आखडतो.

आकड्यासाठी ब्लाउजचा हूक नको, वजनाने उघडतो. चाव्यांच्या छल्ल्याला मागे असतो तसला चपटा पितळी आकडा घ्या. सुती किंवा सिल्कच्या साडीला तो नुसता कमरेत खोचला की झालं. शिफॉनला मात्र आतून कापडाचा दुहेरी तुकडा धरून सेफ्टी पिनेनेच लावा, नाहीतर कापड खेचलं जातं.

देताना गोंडा बटर पेपरमध्ये सरळ गुंडाळून लांबट पाकिटात घाला. डबीत दुमडून दिलात तर बाईच्या घरी पोचेपर्यंत मधोमध घडी पडलेली असेल, आणि वाफ देण्याचं काम तिच्या गळ्यात.