बारा माणसे, एक खेचर आणि पाच मृत्यू: पात्रांचा गोतावळा कसा सांभाळावा?

पाणवठा यांचा प्रश्न

नमस्कार. गेली तीन वर्षे मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. कथा एका काल्पनिक डोंगरी राज्यात घडते. तेथील सगळ्या विहिरी एका रात्रीत आटतात आणि पाणी परत मागण्यासाठी बारा माणसे व एक खेचर घाट चढून निघतात. या बारा जणांत एक पाणाड्या आहे, पदच्युत सेनापती आणि त्याची सावत्र बहीण आहे, एक आंधळा गोंधळी, एक कासारीण, जुळे तिरंदाज भाऊ आणि एक चोरटी मुलगी आहे. उरलेल्या चौघांची ओळख करून देण्याचा मला आताच कंटाळा येतो आहे, आणि बहुधा तेथेच माझ्या अडचणीचे मूळ असावे.

पहिला खर्डा सुमारे नव्वद हजार शब्दांचा झाला. बारापैकी पाच जण वाटेत मरतात. कोण कोठे मरणार हे मी लिहायला बसण्यापूर्वीच भिंतीवरच्या तक्त्यावर ठरवून टाकले होते. दर चार-पाच प्रकरणांमागे एक मृत्यू आला, की वाचक बेसावध राहणार नाही, असा माझा हिशेब होता. खर्डा चार मित्रमैत्रिणींना वाचायला दिला. एकोणिसाव्या प्रकरणात कासारीण दरीत कोसळते, त्यावर मी आठ पाने खर्ची घातली आहेत: पाऊस, वीज, कातळावर फुटलेल्या बांगड्यांचा खच, काही म्हणून सोडलेले नाही. चौघांपैकी तिघांनी विचारले, "ही कोण?" चौथा तिला शेवटपर्यंत त्या जुळ्यांची आई समजत होता. उलट बाविसाव्या प्रकरणात खेचर मरते, त्याला मी जेमतेम दीड परिच्छेद दिला होता, आणि चौघेही त्याच्याबद्दलच बोलत राहिले. एका मैत्रिणीने तर रात्री साडेअकराला फोन करून खेचराला जिवंत करण्याची ताकीद दिली.

माझे प्रश्न दोन आहेत. पात्रांची नियती आधी ठरवून मग कथा लिहावी, की कथा लिहिता लिहिता ती ठरू द्यावी? आणि पात्रे इतकी असताना प्रत्येकाचा शेवट वाचकाला लागेल, अशी तजवीज कशी करावी?

---

सूतपुराणी यांचा प्रतिसाद

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या खेचरानेच देऊन ठेवले आहे. पहिल्या एकवीस प्रकरणांत त्या खेचराचा कोणाकोणाशी संबंध आला, हे एकदा कागदावर मांडून पाहा. ओझे त्याच्या पाठीवर होते, म्हणजे बाराही जणांचे त्याच्यावाचून अडत होते. आता कासारणीचा संबंध कोणाकोणाशी आला तेही मांडा. तिच्या मरणाने मागे राहिलेल्या अकरा जणांपैकी एकाचाही दुसऱ्या दिवसाचा बेत बदलत नसेल, तर तुम्ही आठ पाने लिहा किंवा अठरा, वाचकाच्या दृष्टीने ती मुळात आलेलीच नव्हती.

मी नियतीपेक्षा देण्याघेण्याच्या भाषेत विचार करतो, आणि ही सवय मला महाभारताने लावली. एवढा अफाट गोतावळा आपल्या डोक्यात कसा राहतो, याचे कारण नायकांच्या पराक्रमात नाही, दुय्यम पात्रांच्या हिशेबात आहे. जयद्रथाचे उदाहरण घ्या. वनपर्वात तो द्रौपदीला पळवून नेतो आणि पकडला जातो. भीम त्याच्या डोक्यावर पाच शेंड्या ठेवून बाकीचे केस भादरतो. जीव मात्र घेतला जात नाही, कारण तो दुःशलेचा नवरा आहे आणि दुःशला ही शंभर कौरवांची एकुलती बहीण, म्हणजे पांडवांचीही बहीणच. ही दया तेथे संपत नाही. अपमानाने पोळलेला जयद्रथ शंकराची आराधना करतो आणि त्याला तुटपुंजा वर मिळतो: अर्जुन सोडून बाकीच्या पांडवांना तो एक दिवस रोखून धरू शकेल. युद्धाच्या तेराव्या दिवशी संशप्तक, म्हणजे जिंकू किंवा मरू अशी शपथ घेतलेले योद्धे, अर्जुनाला दूर ओढून नेतात, अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो, आणि त्याच्या पाठोपाठ आत घुसू पाहणाऱ्या चौघा पांडवांना जयद्रथ तोंडाशीच अडवतो. ज्याला बहिणीकडे पाहून सोडले, त्याच्यामुळे मुलगा गेला. चौदाव्या दिवशी सूर्यास्ताच्या आत अर्जुन त्याला मारतो, आणि ज्या बहिणीसाठी त्याला सोडले होते ती विधवा होते.

दुसरा कोणी लेखक येथे थांबला असता. व्यासांनी दुःशलेला पुन्हा आणले आहे. अश्वमेधाचा घोडा सिंधुदेशात पोहोचतो तेव्हा अर्जुन आल्याच्या नुसत्या वार्तेने तिचा मुलगा सुरथ प्राण सोडतो, आणि लहानग्या नातवाला रथात घेऊन ती रणांगणावर येते. तिला पाहताच अर्जुन हातातले धनुष्य टाकून देतो. संपूर्ण ग्रंथात दुःशलेच्या वाट्याला किती थोडे श्लोक आले आहेत हे पाहिले, की तिचे हे येणे आपल्याला का हलवते, याचा विचार करावासा वाटतो. माझ्या मते त्याचे कारण एवढेच, की तिच्या नावावरची बाकी वनपर्वापासून कोणी मिटवलेली नव्हती.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नावर माझे मत असे: कोण मरणार हे आधी ठरवायला हरकत नाही, परंतु कोण कोणाचे काय देणे लागते, हे त्याच्याही आधी ठरवावे. तक्त्यावर मृत्यूंच्या तारखा लिहिण्याऐवजी उधाऱ्या लिहा.

---

तिन्हीसांज यांचा प्रतिसाद

सूतपुराणी यांचे म्हणणे पटते, पण पूर्ण नाही. प्रत्येक मरण हे कसल्या तरी जुन्या हिशेबाची फेड आहे, असे दिसू लागले, की कथा सावकाराच्या वहीसारखी होते. महाभारतातलेच उदाहरण देते. महाप्रस्थानाच्या वाटेवर प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. भीम दर वेळी कारण विचारतो आणि युधिष्ठिर प्रत्येकाचा एकेक दोष सांगतो: द्रौपदीचा अर्जुनाकडे अधिक ओढा होता, सहदेवाला आपल्या बुद्धीचा गर्व होता, नकुलाला रूपाचा. ही कारणे मला नेहमीच तोकडी वाटत आली आहेत. मन हलते ते त्या कारणांनी नव्हे. युधिष्ठिर मागे वळूनही न पाहता चालत राहतो आणि एक कुत्रा तेवढा त्याच्या मागे येत राहतो, हे वाचून हलते. म्हणून पाचांपैकी निदान एक मृत्यू असा असू द्या, की ज्याचे कारण कोणालाच सांगता येणार नाही. प्रवासात माणसे तापानेही मरतात.

दुसरे असे, की बारा माणसे ही संख्याच मुळात फार आहे. माझे आजोळ सिंधुदुर्गातले असल्यामुळे लहानपणी जत्रेतली दशावतारी नाटके रात्र रात्र जागून पाहिली आहेत. त्या नाटकांना लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान करायचे आणि कोणाच्या वाट्याला काय, हे रंगभूषा चालू असतानाच आपसांत ठरते आणि संवाद रंगमंचावर उभे राहून बोलायचे असतात. तेथे राजपार्टी (राजाची भूमिका करणारा) कोण, स्त्रीपार्टी (स्त्रीची भूमिका करणारा) कोण हे प्रेक्षक आधीच ओळखून असतो, आणि पात्र बाहेर आले की त्याने काही तरी अडवायचे, मागायचे किंवा बिघडवायचे असते. नुसते उभे राहायला कोणी येत नाही, कारण तशा उभ्या राहिलेल्या माणसाला पहाटे तीन वाजता प्रेक्षक सहन करत नाही. तुमच्या ज्या चौघांची नावे सांगायचा तुम्हालाच कंटाळा आला, त्यांना रंगमंचावर उभे करून पाहा. त्यांच्याकडे मागण्यासारखे काही नसेल, तर त्यांना मारण्यापेक्षा गावातच ठेवणे बरे.

---

पाणवठा

दोघांचेही आभार. चौघांपैकी तिघांना गावात ठेवता येईल असे दिसते. एक वैद्य मात्र लागेल, कारण पुढे ताप आहे. (तिन्हीसांज, तापाचा मृत्यू मी खरोखरच घेत आहे.) एक शंका राहतेच. बाकी शिल्लक ठेवायची म्हणजे मृत्यूनंतरही त्या पात्राचे काम चालू राहिले पाहिजे. ते स्मृतिदृश्यांचा आधार न घेता कसे साधावे? माझ्या खर्ड्यात सेनापती दर तीन प्रकरणांनी मेलेल्या मित्राला आठवून आकाशाकडे पाहतो आणि आता मलाच त्याचा वैताग आला आहे.

---

उत्तरवाट यांचा प्रतिसाद

या शंकेला टॉल्किनच्या अंगठीच्या कथेत ('द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', 1954-55) चांगले उत्तर आहे. तिथे नऊ जण एकत्र निघतात. एवढ्या मोठ्या युद्धकथेत त्या नवांपैकी कायमचा जातो तो एकटा बोरोमिर. त्यांतला जादूगार गँडाल्फ पडतो, पण परततो. बोरोमिर मोहाला बळी पडून अंगठी हिसकावू पाहतो आणि त्यानंतर लगेचच दोन छोट्या सोबत्यांना वाचवताना मारला जातो. त्या दोघांपैकी पिपिन पुढे बोरोमिरच्या बापापुढे, डेनेथोरपुढे, उभा राहतो, तेव्हा तो रडत बसत नाही. तुमचा मुलगा माझ्यासाठी मेला, ते ऋण म्हणून ही तलवार घ्या, असे म्हणून त्याच्या चाकरीत शिरतो. चाकरीत असल्यामुळेच तो महालात असतो, आणि वेड्या झालेल्या डेनेथोरने धाकट्या मुलाला, फारामिरला, जिवंतपणी चितेवर ठेवायला काढले, तेव्हा धावत जाऊन गँडाल्फला आणणारा तोच ठरतो. थोरला भाऊ मेला नसता, तर धाकटा वाचला नसता. एवढ्या सगळ्यात आकाशाकडे पाहण्याचा एकही प्रसंग लागत नाही. मेलेल्या माणसाचे काम जिवंत माणसाच्या हातात द्यावे. त्याने ते नीट करावे किंवा बिघडवावे, दोन्ही चालते.

संख्येबद्दल तिन्हीसांज यांना दुजोरा देतो. जॉर्ज मार्टिन यांनी 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेच्या तिसऱ्या खंडानंतर कथेत पाच वर्षांचा काळ मध्ये सोडून द्यायचे ठरवले होते. तो बेत त्यांना मोडावा लागला, आणि पुढे पात्रे इतकी झाली, की जवळपास एकाच काळातली कथा प्रदेशांनुसार वाटून 2005 आणि 2011 अशा दोन खंडांत द्यावी लागली. म्हणजे काही लाडक्या पात्रांसाठी वाचकांना मध्ये आणखी सहा वर्षे थांबावे लागले. असा धीर वाचक सगळ्यांच्या बाबतीत दाखवत नाही. आपल्या बारा जणांना दोन वाटांनी पाठवण्याचा मोह होत असेल, तर आधी नऊ करा.

---

सूतपुराणी

तिन्हीसांज यांचा सावकाराच्या वहीचा आक्षेप मान्य आहे, पण हिशेब चुकता होणे आणि हिशेब निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय युद्धातून जे मोजके जिवंत राहिले त्यांत पांडवांकडचा सात्यकी आणि कौरवांकडचा कृतवर्मा हे दोन यादव होते. युद्धानंतर 36 व्या वर्षी प्रभासक्षेत्री मद्यपान चालू असताना सात्यकी कृतवर्म्याला टोचून बोलतो, की अश्वत्थाम्याबरोबर रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारणारा तू कसला क्षत्रिय. कृतवर्मा उलट त्याला कौरवांकडच्या भूरिश्रव्याची आठवण देतो: हात तुटल्यावर प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून प्राणत्यागाला, बसलेल्याचे डोके तू उडवलेस. दोघेही खरे बोलत आहेत. सात्यकी कृतवर्म्याचे मस्तक उडवतो, आणि त्याच्याभोवती जमलेले भोज व अंधक या यादव कुळांतले लोक हाताला लागलेल्या उष्ट्या भांड्यांनी त्याला ठेचतात. अठरा दिवस शस्त्रांना जे जमले नाही, ते पंगतीतल्या भांड्यांनी केले. येथे काहीही फिटलेले नाही. सात्यकीचा शेवट भूरिश्रव्याला न्याय देत नाही, फक्त छत्तीस वर्षे झाकून ठेवलेले बाहेर पडते. यादवांना ऋषींचा शाप आधीपासून होताच; मात्र तो खरा व्हायला या दोघांची जीभ लागली. आपल्या विहिरी ज्या शापाने आटल्या असतील, त्यालाही अशीच कोणाची तरी जीभ लागू द्या.

---

पाणवठा

गेले आठ दिवस तक्ता पुसून नव्याने मांडते आहे. आता नऊ जण निघतात. कासारीण दुसऱ्या प्रकरणात सेनापतीच्या सावत्र बहिणीला उधारीवर बांगड्या भरते, आणि "पाणी आले की दे" म्हणून पैसे घेत नाही. चोरट्या मुलीने तिच्याच पेटीतून दोन बांगड्या लांबवलेल्या आहेत, हे तिला ठाऊक असूनही ती बोलत नाही. ती कोसळते तेव्हा चोरटी मुलगी दोरखंड धरून असते, आणि पेटी सोडून ये म्हणून ओरडण्याचा धीर तिला होत नाही, कारण पेटीचा विषय तिला काढायचाच नसतो. आठ पानांचे एक पान झाले. वीज काढून टाकली. पाऊसही काढता येईल असे वाटते.

पुढे ती मुलगी बांगड्यांची पेटी पाठीवर घेऊन चालते, कारण खेचर तोवर मेलेले असावे लागते. त्यासाठी खेचराचा मृत्यू तीन प्रकरणे अलीकडे आणला आहे. मैत्रिणीला हे अजून कळवलेले नाही. जुळ्या भावांपैकी एकाला ताप येणार हे नक्की आहे, पण कोणाला, ते मी अद्याप ठरवलेले नाही. दोघांची प्रकरणे आधी लिहून पाहते आणि मग येथेच टाकते.