गुप्त शक्ती, आत्मज्ञान आणि मान : साधक नेमके कशाच्या मागे असतो?

गोदाकाठचा वाचक :

नमस्कार. सिंहस्थाच्या तयारीमुळे नाशिकमध्ये सध्या आखाडे, साधू आणि सिद्धी हे विषय घरोघरी निघत आहेत. आमच्या घरी मात्र हा विषय वेगळ्या कारणाने आला आहे.

माझे थोरले चुलत बंधू (आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो) अंबडच्या एका कारखान्यात उत्पादन विभागाचे प्रमुख होते. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर ते एका साधना-मंडळात जाऊ लागले. सुरुवातीला तेथे प्राणायाम आणि ध्यान एवढेच होते, आणि त्याने त्यांची झोप सुधारली, चिडचिड कमी झाली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पुढे दीक्षेचे टप्पे सुरू झाले. प्रत्येक टप्प्याला वेगळा मंत्र, वेगळी दक्षिणा, वेगळ्या रंगाचे उपरणे, आणि खालच्या टप्प्यावरच्या साधकांना यातले अक्षरही सांगायचे नाही अशी शपथ. दादा आता घरी बोलता बोलता मध्येच थांबतात आणि ‘हे तुम्हाला आत्ता कळायचे नाही’ असे म्हणून विषय बदलतात. पुढच्या टप्प्यावर सूक्ष्म शक्ती जागृत होतात असे त्यांना सांगण्यात आले आहे आणि त्यासाठी वहिनींचे दागिने तारण ठेवण्याचा त्यांचा विचार चालू आहे.

दादा अभियंते आहेत, वाचन दांडगे आहे, व्यवहारात त्यांना कोणी सहजी फसवू शकलेले नाही. त्यामुळे ‘अंधश्रद्धा’ हा एक शब्द उच्चारून मोकळे होणे मला पटत नाही. गुप्त शक्तीची ओढ, आत्मज्ञानाची तळमळ आणि चारचौघांत मान मिळावा ही इच्छा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, की एकाच गोष्टीची तीन रूपे? आणि आपल्या परंपरेतील जाणत्यांनी याविषयी काही म्हणून ठेवले आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

त्रिरश्मी :

प्रश्न चांगला मांडला आहे. उत्तर शोधायला लांब जावे लागणार नाही, नाशिकची बौद्ध पांडवलेणी पुरेत.

या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना जे नियम लागू होते, त्या विनयपिटकात (बौद्ध संघाच्या नियमांच्या ग्रंथात) तुमच्या प्रश्नाचा अगदी थेट विचार केलेला आहे. भिक्षूला संघातून कायमचे बाहेर काढणारे अपराध चारच आहेत : मैथुन, चोरी, मनुष्यहत्या आणि अंगी नसलेल्या अलौकिक अवस्थेचा खोटा दावा. ‘मला अमुक ध्यान साधले’, ‘मला ज्ञान झाले’ असे खोटेच सांगणे हे माणूस मारण्याच्या रांगेत बसवलेले आहे. याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की एखाद्याला ती अवस्था खरोखर प्राप्त झाली असली तरी दीक्षा न घेतलेल्या माणसांपुढे त्याने तिची वाच्यता करायची नाही. केली तर तोही दोषच, फक्त हलका. पिंडोल भारद्वाजाची कथा याच संदर्भातली आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने उंच खांबावर चंदनाचे पात्र टांगले आणि सिद्धी असेल त्याने ते उतरवून न्यावे असे आव्हान दिले. पिंडोलाने आकाशमार्गे जाऊन ते घेतले, लोक त्याच्यामागे जयजयकार करीत आले, आणि बुद्धांनी कौतुक करण्याऐवजी त्याला खडसावले, पात्राचे तुकडे करून त्याची भुकटी वाटून टाकायला लावली आणि गृहस्थांपुढे सिद्धी दाखवण्यास बंदी घातली.

या कथेत सिद्धी खरी की खोटी हा प्रश्न कोणी विचारतच नाही, हे ध्यानात घ्यावे. आक्षेप आहे तो एका लाकडी भांड्यासाठी ती लोकांपुढे मांडण्याला. म्हणजे शक्तीचे रूपांतर मानात किती लवकर होते, हे नियम करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

आता त्याच डोंगरावरचा दुसरा पुरावा पाहा. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्याने लेणे खोदवून दिले आणि भिक्षूंच्या चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, 3,000 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायमची ठेव ठेवली. त्यांपैकी 2,000 गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दरमहा शेकडा एक दराने आणि 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. व्यवस्था उत्तमच आहे. पण त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखात त्याने तीन लाख गाई दान दिल्या, सोळा गावे दिली, दरवर्षी लाख ब्राह्मणांना भोजन घातले, ही सारी नामावळीही दगडात कोरलेली आहे. आत बसणाऱ्याने मिळवलेले उघड करायचे नाही आणि बाहेरून देणाऱ्याने दिलेले दोन हजार वर्षे वाचता येईल अशा अक्षरांत खोदून ठेवायचे! मला यात ढोंग दिसत नाही. दात्याला मान हवा होता आणि तो त्याने मान म्हणूनच उघडपणे घेतला. तुमच्या दादांच्या मंडळात अडचण अशी दिसते, की तेथे मान दिला जातो आणि त्याला ज्ञान म्हटले जाते.

ब्रह्मगिरीची वाट :

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु गुप्ततेची दुसरी बाजूही मांडली जावी असे वाटते. मी स्वतः अनेक वर्षे साधना करतो, म्हणून लिहितो.

गुप्तता म्हणजे लबाडी असे समीकरण करू नये. हठयोगप्रदीपिका या ग्रंथाच्या आरंभीच नाथपंथी स्वात्माराम सांगतात की ही विद्या गुप्त ठेवली तर वीर्यवती राहते आणि प्रकट केली तर निर्वीर्य होते. याला व्यावहारिक कारणे आहेत. कुंभकाचा, म्हणजे श्वास रोखून धरण्याचा, अभ्यास पुस्तकात वाचून करणाऱ्याला इजा होऊ शकते. एकाला मानवणारा अभ्यास दुसऱ्याला मानवत नाही. आणि साधकाने आपले अनुभव सांगत फिरू नये यामागेही शहाणपण आहे, कारण सांगितलेला अनुभव पुढच्या वेळी आपोआप थोडा फुगून येतो.

मात्र याच नाथपंथात त्र्यंबकेश्वरी काय घडले तेही पाहावे. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भीतीने चुकामूक होऊन निवृत्तिनाथ गुहेत शिरले आणि तेथे त्यांना गहिनीनाथांचा अनुग्रह मिळाला, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. आदिनाथांपासून कानोकान आलेली विद्या निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांकडे आली, आणि ज्ञानदेवांनी 1290 मध्ये ती मराठीत, सगळ्यांसमोर, सांगून टाकली. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे सविस्तर वर्णन केल्यावर ते म्हणतात की हे नाथपंथातले मर्म आहे, भगवंतांनी ते सूचित करून सोडले होते, मी मात्र त्या मालाची गाठ सोडून, घडी झटकून, तो उलगडून ठेवला आहे, कारण समोरचे श्रोते खरे गिऱ्हाईक आहेत. बाजारपेठेची भाषा त्यांनी जाणून वापरली आहे, पण या बाजारात मोल मागितलेले नाही. आजही पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरला येतात, तेव्हा टाळ वाजवणाऱ्याला कोणता टप्पा झाला हे कोणी विचारीत नाही.

चांगदेवांची कथाही दादांना आठवून पाहावी. चौदाशे वर्षे योगबळाने काळाला परतवणारा सिद्ध वाघावर बसून आला, ही त्याच्या शक्तीची गोष्ट झाली. त्याआधी त्याने ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले आणि मायना काय लिहावा हेच त्याला सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागद धाडला. म्हणजे मृत्यूला अडवणाऱ्या माणसाला श्रेष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण या हिशेबाने अडवले होते! त्याला उत्तर म्हणून गेलेल्या पासष्ट ओव्यांत सिद्धींचा उपहास नाही. पाहणारा आणि पाहिला जाणारा वेगळे नाहीत एवढेच सांगितले आहे, आणि तेथे थोरला-धाकटा हा प्रश्नच उरत नाही.

राहिले पतंजली. योगसूत्रांच्या विभूतिपादात त्यांनी सिद्धींची लांबलचक यादी दिली, त्या नाकारल्या नाहीत, परंतु समाधीच्या वाटेवर त्या विघ्न आहेत असे स्पष्ट म्हटले. त्याच पादात पुढे इशारा आहे की उच्च स्थानावरच्या देवता बोलावू लागल्या तर आसक्ती धरू नये आणि गर्वही करू नये. हा गर्वाचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. भोग सोडणारे पुष्कळ असतात, पण आपल्याला बोलावणे आले, शेजाऱ्याला आले नाही, हे सुख सोडणे अवघड जाते. दादांच्या ‘तुम्हाला आत्ता कळायचे नाही’ या वाक्यात हेच सुख असावे अशी शंका येते.

जुना पंचवटीकर :

तात्त्विक चर्चा चालू द्यावी, पण दागिन्यांचा विषय आला आहे म्हणून कायद्याचे थोडक्यात लिहितो. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्या वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा आला. तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवणे व लोकांना फसवणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड 5,000 ते 50,000 रुपये. उपासना, वारी, कीर्तन, प्रवचन, पारंपरिक विद्यांचे शिक्षण यांना मात्र कायद्याने हात लावलेला नाही. त्यामुळे केवळ दीक्षा दिली आणि दक्षिणा घेतली एवढ्यावर तक्रार टिकणार नाही. नेमका कोणता दावा करून पैसे मागितले, हे पाहावे लागेल.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी :

मूळ प्रश्नातील ‘तीन की एक’ या भागाकडे वळते. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी 1906 मध्ये गुप्तता आणि गुप्त संघटना यांवर दीर्घ निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की गुपिताचे आकर्षण त्यात दडलेल्या मजकुरावर अवलंबून नसते. इतरांना ते ठाऊक नाही यावरच ज्याच्याकडे ते आहे त्याचे वेगळेपण उभे राहते, आणि जे अनेकांना नाकारले गेले ते नक्कीच मौल्यवान असणार असा समज माणूस सहज करून घेतो. टप्प्याटप्प्याची दीक्षा ही याच समजावर चालते, कारण प्रत्येक पायरीवर माणसाच्या खाली थोडे लोक येतात आणि वर एक बंद दार राहते.

दार बंद असणे आणि मान यांचा संबंध नाशिककरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या हजारो लोकांना गाभाऱ्यात काही गुप्त शक्ती हवी होती असे नव्हे. बाहेर कोणाला ठेवायचे यावर आतल्यांची प्रतिष्ठा उभी होती, आणि माणूस म्हणून बरोबरीच्या हक्कासाठी त्या प्रतिष्ठेलाच आव्हान दिले जात होते. दार उघडले नाही. 1935 मध्ये, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. गुप्त ज्ञान आणि मंदिरप्रवेश या एकाच पंक्तीच्या गोष्टी नाहीत हे मला मान्य आहे, पण बंद दार राखणाऱ्याला त्यातून काय मिळते हे दोन्हीकडे सारखे दिसते. विरक्तांनाही यातून सुटका नसते. सिंहस्थात कोणत्या आखाड्याने आधी स्नान करायचे यावरून पूर्वी रक्तपात झालेले आहेत, आणि शैव त्र्यंबकेश्वरी तर वैष्णव रामकुंडावर ही आजची विभागणी अशाच संघर्षानंतर आली आहे.

उलट दिशेचे उदाहरण तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींचे. थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्यावादी संस्थेच्या मंडळींनी त्यांना लहानपणीच भावी जगद्गुरू ठरवले आणि 1911 मध्ये त्यांच्याभोवती एक संघटना उभी केली. 1929 मध्ये हॉलंडमधील ओमेन येथे, हजारो अनुयायांसमोर, त्यांनी ती स्वतःच विसर्जित केली आणि मिळालेल्या मालमत्ता दात्यांना परत करण्यात आल्या. शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवरचा माणूस शिडी काढून घेतो असे फारसे घडत नाही. (त्यानंतरही लोक त्यांच्याकडे गुरू म्हणूनच येत राहिले, हा भाग वेगळा.)

म्हणून माझे उत्तर असे : सुरुवातीला या तीन ओढी वेगळ्या असतात. दादांना झोप हवी होती, कदाचित निवृत्तीनंतरच्या रिकामपणाचा अर्थही हवा होता, आणि ती ओढ खरी होती. मंडळाची रचना अशी आहे की ती ओढ हळूहळू पुढच्या उपरण्याकडे वळते. यात बुद्धिमत्ता कमी पडली असे म्हणता येणार नाही. उलट आयुष्यभर बढतीच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला ही रचना फार ओळखीची वाटत असणार.

गोदाकाठचा वाचक :

सर्वांचे मनापासून आभार. बढतीचा मुद्दा वाचून मी थबकलो. कारखान्यात दादांच्या हाताखाली दीडशे माणसे होती, आणि निवृत्तीनंतर सोसायटीच्या सभेतही त्यांचे कोणी ऐकेना, हे वहिनी एकदा म्हणाल्या होत्या. मंडळात मात्र नवे साधक त्यांना वाकून नमस्कार करतात आणि त्यांची बैठक पहिल्या ओळीत असते. असे असेल तर त्यांच्याशी सिद्धींवर वाद घालण्यात अर्थ नाही. मग बोलायचे कशावर?

ब्रह्मगिरीची वाट :

साधनेवरच बोलावे, पण वादासाठी नव्हे. जे प्राणायाम आणि ध्यान त्यांना सुरुवातीला मानवले, ते आजही रोज होते का, हे आपुलकीने विचारावे. माझा अनुभव असा की टप्प्यांच्या मागे लागलेल्यांची रोजची बैठक बहुधा सुटलेली असते, आणि हे त्यांनाही आत कुठेतरी सलत असते. शक्य असेल तर पहाटे त्यांच्याबरोबर बसावे आणि त्यांनी तुम्हाला शिकवावे. त्यात त्यांचा मानही राहील आणि दक्षिणाही लागणार नाही.

जुना पंचवटीकर :

आणि दागिन्यांचे तेवढे वहिनींनी स्वतः बोलावे, तुम्ही नव्हे. स्त्रीधनावर हक्क त्यांचा आहे. त्यांच्या संमतीवाचून ते तारण ठेवता येणार नाही, हे दादांसारख्या व्यवहारी माणसाला एकदा शांतपणे सांगितले तरी पुरेल. पूर्वी दिलेल्या दक्षिणांच्या पावत्या असतील तर त्याही एकत्र करून ठेवाव्यात, आणि नसतील तर त्या का दिल्या गेल्या नाहीत हे दादांनीच मंडळात विचारावे.