लिलावातील फ्लॅट आणि ताब्याचा प्रश्न

कर्ज थकल्याने बँकेने लिलावात काढलेल्या जुळे सोलापुरातील एका फ्लॅटची राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, बाजारभावापेक्षा इतकी कमी का, असा प्रश्न एका वाचकाला पडला आहे; त्याचे कारण बहुधा ताब्याच्या प्रकारात सापडते. थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी कायदा, 2002 नुसार कर्जदाराला दिलेली 60 दिवसांची मागणी नोटीस उलटल्यावर बँक ताबा घेऊ शकते, परंतु तो प्रतीकात्मक, म्हणजे केवळ कागदोपत्री, असेल तर दारावर नोटीस चिकटलेली आणि आत कुटुंब नांदते आहे, अशी स्थिती असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि तो केव्हा निकाली निघेल यावर खरेदीदाराचे काहीच चालत नाही. पैशांची मुदत मात्र कडक आहे: बोलीआधी भरलेली अनामत धरून किमतीच्या 25 टक्के रक्कम लिलावाच्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, आणि उरलेली विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत भरावी लागते. लेखी मुदतवाढ मिळाली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही, आणि चुकल्यास भरलेली रक्कम जप्त होते. त्यामुळे गृहकर्जाच्या भरवशावर लिलावात उतरणाऱ्यांनी कर्ज देणाऱ्या बँकेशी बोलणे आधीच करून ठेवावे. ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीमुळे महापालिकेच्या मालमत्ता कराची व सोसायटीची थकबाकीही गळ्यात पडू शकते. तिचा उतारा बोलीपूर्वी मागून घ्यावा.